गाडी लागण्याआधी: पॅकिंग स्लिप आणि बिलाची तयारी

माल ग्राहकाच्या गेटवर अडकतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: बिल ऑर्डरवरून बनलेले असते, माल मात्र खोक्यात मावेल तसा भरलेला असतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पहिली सोय अशी करून घ्या की पॅकिंग स्लिप (कोणत्या खोक्यात किती नग भरले त्याची यादी) पक्की झाल्याशिवाय बिल बनूच नये, आणि बिलातले नग स्लिपमधूनच यावेत.

स्लिप उघडण्याआधी पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) नंबर, पार्ट नंबर, ड्रॉइंगचे रिव्हिजन (कितवी आवृत्ती ते) आणि चालू दर पाहून घ्या. दर वाढल्याचे पत्र आले आणि पीओत बदल चढलाच नाही, तर पुढे फरकाच्या क्रेडिट-डेबिट नोटा काढत बसावे लागते. पीओ नगात आणि बिल किलोत, ही चूक कास्टिंग-फोर्जिंगच्या (ओतीव-घडीव) मालात फार होते.

आता मोजणी. ऑर्डर ५०० नगांची आणि खोक्यात ४८ नग बसत असतील, तर १० खोकी भरलेली आणि अकराव्यात २० नग. सॉफ्टवेअरने सगळी खोकी भरलेली धरली तर स्लिपवर ५२८ छापले जातात. अपुऱ्या खोक्याचे लेबल वेगळे काढा, प्रत्येकावर '३/११' असा क्रमांक आणि बॅच किंवा हीट नंबर (धातूच्या कोणत्या वितळणीतला माल ते) हवा. वजनाचा ताळा करा: नग ८५० ग्रॅमचा आणि रिकामे खोके १.२ किलोचे असेल तर निव्वळ ४२५ किलो, एकूण ४३८.२. काट्यावर एका नगाएवढा जरी फरक दिसला तरी खोकी उघडून मोजा.

बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये. १ एप्रिलची नवी मालिका मार्चमध्येच लावून ठेवा. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड) आणि माल उतरवण्याचा पत्ता याच टप्प्यावर वाचा. २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी उलाढाल पाच कोटींच्या वर गेली असेल तर ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागते, आणि इथे घाई सगळ्यात महागात पडते. आयआरएन (पोर्टल बिलाला देते तो नोंदणी क्रमांक) निघाल्यावर पोर्टलवर दुरुस्ती नाही. २४ तासांत अख्खे बिल रद्द करता येते, तेही ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) चालू नसेल तरच, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे आयआरएनचे बटण दाबण्याआधी दुसऱ्या माणसाने स्लिप आणि बिलाचा मसुदा शेजारी ठेवून वाचावा. बिल बनवणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

ई-वे बिल परराज्यात ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. रक्कम करासहित धरा. गाडी बदलली तर नवा गाडी नंबर भरल्याशिवाय गेट उघडू नका.

प्लेटिंगला किंवा मशीनिंगला बाहेर दुसऱ्याकडे जाणाऱ्या मालाला बिल नको, डिलिव्हरी चलन लागते, त्याची मालिका वेगळी ठेवा. कच्चा माल वर्षभरात परत यायला हवा, म्हणून परतीची तारीख चलनावरच टाका. परत यायच्या बिनांनाही (माल भरायच्या पेट्यांनाही) वेगळे चलन करा, नाहीतर महिन्याभरात किती बिन कुणाकडे अडकलेत ते सांगता येत नाही.

छापताना बिलाच्या तीन प्रती: मूळ ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. माल उतरल्यावर ग्राहकाच्या स्टोअरचा शिक्का आणि मिळालेले नग असलेली पोचपावती त्याच दिवशी स्कॅन करून स्लिपला जोडा. कमी माल मिळाल्याची तक्रार आली की पहिल्यांदा तीच मागतात.