रिलीज लांबलाय आणि लोक शिव्या घालतायत? मग आधी हे करा

आम्ही तिघं मिळून मराठी स्पेलचेकचं एक छोटं ॲड-ऑन चालवतो, फुकटात. एक जण कळव्याला, एक कोपरखैरण्याला आणि मी घोडबंदर रोडला, नोकऱ्या तिघांच्या वेगळ्या, त्यामुळे कोड लिहायचा तो रात्री अकरानंतर नाहीतर रविवारी, तेही घरी पाहुणे नसले तर. २.० व्हर्जन गुढीपाडव्याला देतो म्हणालो होतो आणि दिलं दसरा उलटल्यावर. मधे जे काय ऐकून घेतलं त्यातून शिकलेलं लिहितोय, तुम्ही पण असलं काही चालवत असाल तर कामाला येईल.

तारीख चुकणार हे ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगून टाका. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका आपल्यासारखेच, पगार नाही काही नाही, पण टाकी साफ करायची असली की आदल्या रात्री लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहितात, लोक कुरकुरतात आणि बादल्या भरून ठेवतात. एकदाच लिहायचं राहिलं तर सकाळी सातला दारात रांग. आम्हाला पाडव्याच्या दोन आठवडे आधीच कळलं होतं की जमणार नाही, तरी गप्प बसलो, वाटलं बघू, होईल काहीतरी. नाही झालं. मोठ्या प्रोजेक्टांचं पण हेच होतं, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स (कंपन्या वापरतात ती ऑपरेटिंग सिस्टिम) चं सहावं व्हर्जन नोव्हेंबर २०१० मध्ये आलं आणि त्याच्यावरून बनणारं सेंटओएस ६ यायला जुलै २०११ उजाडला, तेव्हा लोक उशिरावर चिडलेच, पण आत काय चाललंय ते कोणी धड सांगत नाही यावर पण चिडले.

सांगताना ‘लवकरच’ हा शब्द वापरू नका, त्याचा अर्थ सगळ्यांना माहितीय. नवीन रिलीजची तारीख पण देऊ नका, ती परत चुकली की मग कोणी ऐकत नाही. तारीख द्यायची ती पुढच्या अपडेटची. म्हणजे असं: ‘जोडाक्षरांचा एक बग अडकलाय, तो सुटल्याशिवाय सोडत नाही, कुठवर आलंय ते १५ तारखेला सांगतो.’ आणि १५ तारखेला काहीच झालं नसेल तरी तेवढं येऊन सांगायचं. लाज वाटते, पण सांगायचं.

दुसरं, तारीख पक्की की फीचर पक्की, एक काय ते ठरवा, दोन्ही नाही जमत. लिनक्स कर्नलवाले (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नवीन गोष्टी घ्यायला दोन आठवडे खिडकी उघडी ठेवतात, त्यात जे बसलं नाही ते पुढच्या खेपेला, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं व्हर्जन येतंच. उलट डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिल्यापासून ‘तयार होईल तेव्हा’, त्यांचं ३.० जुलै २००२ चं आणि ३.१ थेट जून २००५ ला, जवळजवळ तीन वर्षं. नंतर तेही फ्रीझ, म्हणजे नवीन गोष्टी घेणं थांबवायची वेळ, आधीच ठरवायला लागले आणि आता साधारण दोन वर्षांनी येतात. तीन माणसांच्या प्रोजेक्टला माझ्या मते फीचर कापणंच बरं, आम्ही बरोबर शब्द सुचवणारा भाग आधीच काढून २.१ ला ढकलला असता तर निम्मा उशीर वाचला असता.

आता शिव्या. एकाने लिहिलं, ‘भंगार आहे, दऱ्या पण लाल करतं, जमत नसेल तर बंद करा.’ मी रात्री दीडला तणतणत उत्तर टाइप केलं, फुकट वापरताय ना वगैरे, नशीब पाठवलं नाही. (हे वाक्य खरं असलं तरी कधीच पाठवू नका, त्याने आजवर कोणी शांत झालेलं नाही.) सकाळी परत वाचलं तर त्यात बग होता! दऱ्या मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सेम, आमच्या शब्दयादीत मात्र एकच. त्याचा कीबोर्ड दुसऱ्या जातीचा. म्हणजे शिवी बाजूला काढून आत काय उरतं ते बघायचं, काही उरलं तर बग नोंदवून आभार मानायचे, काहीच नाही उरलं तर उत्तरच नाही.

पण एका गोष्टीत घाई नको. लोक मागे लागले म्हणून कोणाच्याही हातात रिलीजची किल्ली, म्हणजे नवं व्हर्जन सोडायचा अधिकार, देऊ नका. एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करायची लायब्ररी (दुसरे प्रोग्राम वापरतात तो तयार कोड), सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस, २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्याच्या मागे लागली की फार उशीर होतोय, दुसऱ्या कोणाला तरी सोपव. मदतीला एक जण तयारच होता, दोनेक वर्षं नीट काम पण केलं, आणि २०२४ च्या ५.६.० मध्ये त्यानेच घातलेला चोरदरवाजा निघाला. पकडला गेला कसा, तर एकाला एसएसएच लॉगिन (लांबच्या कॉम्प्युटरवर शिरायची सोय) साधारण अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून! तेव्हा नवीन माणसाला आधी टेस्टिंग द्या, पॅच (कोडमधले छोटे बदल) तपासायला द्या, किल्ली सगळ्यात शेवटी.

रिलीज शुक्रवारी रात्री करू नका, पुढचे दोन दिवस हाताशी राहील असा वार बघा. आमचं २.० आलं आणि तासाभरात पहिला बग आला, दऱ्यावाल्याकडूनच. भाषा तीच होती, पण या वेळी सोबत स्क्रीनशॉट होता.