स्कर्मिऑन लॅपटॉपवर बनवायचाय? आधी चार कॉपर सोडवा

स्कर्मिऑनचं, म्हणजे चुंबकातल्या स्पिनच्या चिमुकल्या भोवऱ्याचं, सिम्युलेशन करायचं म्हटलं की बहुतेक जण सरळ ग्रिड घेतात, प्रत्येक अणूवर एक बाण (त्याच्या स्पिनची, म्हणजे छोट्या चुंबकाची दिशा) ठेवतात आणि मॉन्टे कार्लो (बाण यादृच्छिक हलवत नेणारी पद्धत) चालू करतात. चित्र छान येतं पण त्यातला बाण नेमका कशाचा हे कळतच नाही. कॉपर ऑक्सोसेलेनाइट या इन्सुलेटरमध्ये २०१२ साली स्कर्मिऑन सापडले, तिथे तर हा प्रश्न टाळून चालतच नाही, कारण इथला बाण एका अणूचा नाहीच, चार कॉपरच्या गटाचा आहे आणि तो गट पक्का क्वांटम आहे.

इन्सुलेटर असल्याचा आपल्याला मोठा फायदा आहे. इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, प्रत्येक कॉपरवर १/२ स्पिन अडकून बसलाय आणि ऑक्सिजनमधून सुपरएक्स्चेंज (शेजारच्या स्पिनना जोडणारा परिणाम) चालतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या बँड वगैरेत न शिरता फक्त स्पिनचा हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचं सूत्र, लिहिला की काम भागतं.

युनिट सेलमध्ये १६ कॉपर आहेत, म्हणजे चार टेट्राहेड्रॉन (चार कोपऱ्यांवर चार कॉपर असलेले गट). एकच घ्या. त्यात एक कॉपर वेगळ्या जातीचा आणि तीन सारखे. वेगळा विरुद्ध सारखे अशा तीन बाँडवर अँटिफेरो (स्पिन उलट ठेवू बघणारं) कपलिंग द्या, तिघांच्या आपसातल्या तीन बाँडवर फेरो (समांतर ठेवू बघणारं). १६×१६ चा मॅट्रिक्स होतो, पायथनमध्ये क्षणात सुटतो. दोन्ही कपलिंग चाचणीपुरती सारख्याच ताकदीची, +१ आणि −१ ठेवा, मग ऊर्जा −२ वर तीन लेव्हल, ० वर सात आणि +१ वर सहा यायलाच हव्यात. नाही आल्या तर पुढे जाऊच नका, बाँड मोजताना गडबड झालीये.

आता तळातल्या त्या तीन लेव्हल नीट बघा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. एकूण स्पिन १. झेड-घटक +१ असलेली अवस्था उघडून पाहिलीत तर "तीन वर, एक खाली" या ओळखीच्या मांडणीचा वाटा फक्त ३/४ निघतो, उरलेल्या १/४ मध्ये वेगळा कॉपर चक्क वर असतो आणि तिघांपैकी कुठलातरी एक खाली, तिन्हींचं सारखं मिश्रण. म्हणजे वेगळ्या कॉपरचा सरासरी स्पिन −१/२ नाही, −१/४ येतो, आणि बाकी प्रत्येकाचा ५/१२. बेरीज करा, बरोबर १. पण क्लासिकल बाणांची बेरीजसुद्धा १ च येते! म्हणून नुसतं एकूण मॅग्नेटायझेशन मोजून हा फरक कधीच पकडता येत नाही, प्रत्येक कॉपरचा मोमेंट वेगळा बघावा लागतो. शेजारच्या टेट्राहेड्रॉनचं फील्ड घातलंत की यात स्पिन २ ची अवस्थाही थोडी मिसळते आणि हे आकडे सरकतात, तेही करून बघाच.

एवढं झालं की प्रत्येक गटाऐवजी एक स्पिन-१ चा बाण ठेवायला तुम्ही मोकळे. या बाणांमध्ये कमकुवत, एकूण परिणामाने फेरो कपलिंग असतं, त्याला जे (J) म्हणू. आणि क्रिस्टलला इन्व्हर्जन सेंटर (ज्याच्याभोवती सगळं उलटवलं तरी रचना तीच राहते असा बिंदू) नसल्यामुळे वर झ्यालोशिन्स्की-मोरिया कपलिंग, ते डी (D). सिमेट्रीचा युक्तिवाद झ्यालोशिन्स्कींचा, १९५८ चा. स्पिन-ऑर्बिटमधून (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांच्या जोडणीतून) ते कसं येतं हे मोरियांनी १९६० मध्ये दाखवलं. हा जे शेजाऱ्यांना समांतर ठेवू बघतो, डी त्यांना पीळ देतो, आणि डी लहान असल्याने पीळ फार लांब पडतो, साधारण ६० नॅनोमीटर, म्हणजे जवळपास ७० युनिट सेल.

७० लॅपटॉपला जड जातं म्हणून पीळ आखडून घ्यायचा. चौकोनी ग्रिड, जे = १, डी = ०.६, डीचा व्हेक्टर बाँडच्याच दिशेत. बाणांची लांबी १ धरा. एका पिळाची लांबी साधारण ११.६ साइट येते, तेव्हा ४८×४८ पुरेल. फील्ड ग्रिडला लंब, ०.१८ च्या आसपास, म्हणजे डीचा वर्ग भागिले जे याच्या निम्मं. फार कमी दिलंत तर नुसते पट्टे दिसतील, जास्त दिलंत तर सगळे बाण सरळ. तापमान १ पासून ०.०२ पर्यंत अगदी हळू उतरवा, घाई केली की अर्धवट पट्टे अडकून राहतात. जाड क्रिस्टलमध्ये स्कर्मिऑन ५८ केल्विनच्या जरासे खाली छोट्याशा पट्ट्यातच टिकतात, तुमच्या दोन मितींच्या ग्रिडवर मात्र थेट थंडीपर्यंत टिकतील, पातळ फिल्ममध्येही हा पट्टा रुंद होतोच त्यामुळे घाबरू नका.

शेवटी मोजणी. नुसत्या रंगीत चित्रावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण करा, दोन्ही घड्याळाच्या उलट्या दिशेत, तीन बाणांचा स्केलर ट्रिपल प्रॉडक्ट वर आणि १ अधिक तिन्ही डॉट प्रॉडक्ट खाली घेऊन दोन-आर्ग्युमेंटवाला आर्कटॅन काढा, त्याची दुप्पट म्हणजे घन कोन. सगळ्यांची बेरीज भागिले ४ पाय. फील्ड वरच्या दिशेत असेल तर प्रत्येक स्कर्मिऑनमागे −१ मिळतो. पीरियॉडिक बाउंड्री (ग्रिडची एक कड समोरच्या कडेला जोडलेली) असताना उत्तर पूर्णांकच यायला हवं, −६.७ सारखं काही आलं तर दोष फिजिक्सचा नाही, कुठलातरी त्रिकोण उलटा फिरलाय किंवा कडेची रांग जोडायची राहिलीये.