चाळीचा नकाशा ब्राउझरात

गिरगावातल्या आमच्या चाळीचा ए-झिरो (भल्या मोठ्या कागदावरचा) नकाशा ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केला: साधारण २८,००० बाय २०,००० पिक्सेल. तो थेट पेजवर टाकू नका. मेमरीत उलगडला की २.२ जीबी खातो, फोन आचके देतो. आधी लिबव्हिप्स या चित्रं हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डीझेडसेव्ह कमांडने टाइल्स (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) पाडा, म्हणजे पडद्यावर दिसतील तेवढ्याच उतरतात.

मग लायब्ररी, म्हणजे ब्राउझरात नकाशा दाखवणारा तयार कोड. नुसतं झूम करून बघायचंय? डोळे मिटून ओपनसीड्रॅगन. खोल्यांवर पिना टोचायच्या, हद्दी आखायच्या असतील तर लीफलेट. त्यासाठी टाइल्स पाडतानाच गूगल लेआउट (तुकड्यांची गूगल मॅप्ससारखी मांडणी) सांगा आणि लीफलेटमध्ये सीआरएस (जागा मोजायची पद्धत) ‘सिम्पल’ ठेवा, नाहीतर लीफलेट चाळीला पृथ्वी समजून मर्केटर या जगाच्या नकाशाच्या पद्धतीत ताणतं. (मी विसरलो, सामायिक संडास विषुववृत्ताजवळ निघाला.)

पक्कं करण्याआधी विरार लोकलमध्ये, स्वस्तातल्या फोनवर, एका हाताने चालवून बघा.