पट्ट्यांचं क्रोशाचं दुपटं: कडा सरळ याव्यात म्हणून

बाळंतविड्यात द्यायला पट्ट्यांचं दुपटं सोपं, कारण भोवतीची कड सोडली तर अख्ख्या विणीत एकच टाका लागतो. पण एकरंगी विणीत लपणारी चूक पट्ट्यांत लगेच डोळ्यांत भरते. एक टाका गळला की कड आत येते आणि पट्टी तिरकी दिसू लागते.

७५ सेंमी चौरस दुपट्यासाठी डीके (मध्यम-बारीक) जाडीची मऊ ॲक्रिलिक लोकर घ्या: गडद रंग २५० ग्रॅम, फिका २०० ग्रॅम. एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले असावेत, नाहीतर छटेतला फरक पट्ट्यांत उठून दिसतो. मुंबई-कोकणच्या उकाड्यात सुती दोरा बरा, मात्र तो वजनाला जास्त लागतो. केसाळ लोकर नकोच, तिचे तंतू बाळाच्या तोंडात जातात. याशिवाय ४ मिमी आणि ५ मिमीची क्रोशाची सुई, बोथट टोकाची शिवणसुई आणि खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुकडे हाताशी ठेवा.

टाका अर्धा खांब. सुईवर धागा घ्या, सुई टाक्यात घालून धागा बाहेर ओढा. आता सुईवर तीन फास असतील. पुन्हा धागा घेऊन तो तिन्हींतून एकदम काढा. पूर्ण खांबापेक्षा ही वीण दाट येते. जाळीदार नक्षी कितीही देखणी असली तरी तिच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात.

आधी ४ मिमीच्या सुईने २४ टाक्यांचा, १६ ओळींचा नमुना विणा आणि मधल्या १० सेंमीत मोजा. १६ टाके आणि साधारण १२ ओळी यायला हव्यात. टाके १८ भरले तर सुई अर्धा मिमी जाड घ्या, १४ भरले तर अर्धा मिमी बारीक.

आता १२२ साखळ्या घाला, त्याही ५ मिमीच्या सुईने. साखळी घट्ट झाली तर खालची कड आखडते आणि दुपटं पंख्यासारखं वर पसरतं. दर २० साखळ्यांवर खूण बांधा, म्हणजे मोजणी चुकली तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही. मग ४ मिमीची सुई घ्या. सुईपासून तिसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब, पुढे प्रत्येक साखळीत एक. एकूण १२० झाले पाहिजेत.

ओळ संपली की २ साखळ्या घालून काम उलटवा. या साखळ्या टाका म्हणून धरायच्या नाहीत. पहिला अर्धा खांब अगदी पहिल्याच टाक्यात येतो, वरच्या वेणीच्या दोन्ही धाग्यांखालून. नवख्यांचं बिनसतं ते इथेच: तो पहिला टाका सुटला की दर ओळीला एक टाका कमी होतो, आणि शेवटी उलटण्याच्या साखळीतही खांब घातला की एक वाढतो. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात खुणेचा दोरा अडकवा. निदान पहिल्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळ मोजा. चूक त्याच ओळीत सापडली तर उसवायला मिनिटं लागतात, वीस ओळींनंतर सापडली तर अख्खी दुपार जाते.

पट्टी ६ ओळींची, म्हणजे ५ सेंमीची. एकूण १५ पट्ट्या, गडद रंगाने सुरू आणि गडदनेच शेवट. ओळी सम ठेवण्यामागे कारण आहे: रंगबदल नेहमी एकाच कडेला होतो आणि रंगांमधली स्वच्छ रेष कायम एकाच बाजूला, म्हणजे दुपट्याच्या सुलट बाजूला येते.

रंग बदलताना सहाव्या ओळीचा शेवटचा खांब जुन्या रंगाने अर्धवटच विणा. सुईवर तीन फास असताना नवा धागा घ्या आणि तो तिन्हींतून काढा. खांब पूर्ण करून मग रंग बदलला तर जुन्या रंगाचा ठिपका पुढच्या पट्टीत चढतो. जुना धागा १५ सेंमी राखून कापा. तो न कापता कडेने वर ओढत नेला तर सहा ओळींचं अंतर जास्त पडतं आणि कड चुरगळते.

शेपटं त्याच रंगाच्या पट्टीत शिवणसुईने एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे अशी ओवा. नुसती गाठ मारून कापू नका. गाठ टोचते, आणि सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो.

शेवटी गडद रंगाने भोवती मुक्या खांबांची एक फेरी. मुका खांब म्हणजे सुईवर आधी धागा न घेता विणलेला, दोनच फासांतून काढलेला आखूड टाका. वर-खाली प्रत्येक टाक्यात एक, उभ्या कडांना दर ३ ओळींत ४, कोपऱ्यात एकाच जागी ३. कडेला झालर पडू लागली तर टाके जास्त झालेत, कड आखडली तर कमी.

धुताना सौम्य साबण वापरा आणि दुपटं आडवंच वाळवा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने ओघळतं. ॲक्रिलिकवर इस्त्री अजिबात नको, वीण चपटी होऊन मरते. एक वर्षाआतील बाळ झोपलेलं असताना हे दुपटं सैल पांघरू नका. जागं असताना, मांडीवर किंवा बाबागाडीत नजरेसमोर असतानाच वापरा.