गेलेल्या वर्षांना गुण कसे द्यावेत

नोकरीभर गणिताचे पेपर तपासले. निवृत्तीनंतर स्वतःच्या वर्षांना दहापैकी गुण द्यायला बसले, तेव्हा जुन्याच सवयी उपयोगी पडल्या. त्यातली पहिली: पेपर समोर असल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. '२००७ कसं गेलं?' असं स्वतःला विचारलं की मन लगेच आकडा फेकतं. तो लिहू नका.

आधी पुरावे काढा. पासबुकं, दवाखान्याच्या फायली, फोटो, जुने ईमेल, भाडेकरार, मुलांची प्रगतिपुस्तकं. मोठ्या कागदावर प्रत्येक वर्षाला एक ओळ आखा आणि रकाने करा: कुठे राहत होते, कोणाबरोबर, काम काय, तब्येत कशी, कोण आयुष्यात आलं, कोण गेलं. मात्र ओळी वरून खाली सालाप्रमाणे भरत जाऊ नका. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या घटना टिपून ठेवल्या: काय घडलं, कोण होतं, कुठे, कधी. मग स्वतःचीच परीक्षा घेतली. १९८६ साली त्याने निष्कर्ष छापले. 'काय' सांगितलं की सर्वांत जास्त आठवे, नुसतं 'कधी' सांगितलं तर जवळजवळ काहीच नाही. म्हणून आधी घरं लिहा, नोकऱ्या लिहा, बाळंतपणं, आजारपणं, मृत्यू लिहा. साल नंतर चिकटवा. 'ते वरच्या मजल्यावरचं घर' म्हटलं की पाठोपाठ गळकी खिडकी आठवते, शेजारीण आठवते, तिच्याशी झालेलं भांडणही आठवतं.

अगदी लहानपणची वर्षं कोरी सोडा. तीन वर्षांच्या आधीचं सहसा कोणालाच आठवत नाही, त्यानंतरची काही वर्षंही विरळच असतात. घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर गुण देणं म्हणजे दुसऱ्याचा पेपर तपासणं.

आता मोजपट्टी. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या पुस्तकात एक शिडी मांडली: तळाशी शून्य, म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट आयुष्य, वर दहा, म्हणजे चांगल्यात चांगलं. आज जागतिक आनंद अहवालात देशांची क्रमवारी याच प्रश्नावर लागते. अहवालातला प्रश्न चालू आयुष्याबद्दल आहे, पण कल्पना घ्यावी. तपासायला बसले की मी आधी चार-पाच पेपर नुसते वाचायचे, मग पहिला गुण द्यायचे. तसंच इथे करा: एक नक्की चांगलं आणि एक नक्की वाईट वर्ष आधी निवडा, त्यांना आकडे द्या, बाकीची त्यांच्याशी ताडून पाहा. क्रमाने जाऊ नका, चिठ्ठ्या करून पिसा. फार वाईट वर्षानंतरचं साधं वर्षही उगाच आठ गुण घेऊन जातं.

यापुढचं काम वेळ खातं. प्रत्येक वर्षाला दोन गुण द्यायचे: तेव्हाचे आणि आताचे. तेव्हाचे म्हणजे ते दिवस जगताना कसं वाटत होतं; आताचे म्हणजे आज मागे वळून त्याची किंमत काय वाटते. अनुभवणारा मी आणि आठवणारा मी वेगळे, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांची. १९९३ साली छापलेल्या प्रयोगात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात धरायला लावला, एकदा ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३०, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर गेलं. पुन्हा कोणता प्रयोग कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलाच निवडला. त्रास जास्त, पण शेवट बरा! वर्षांचंही असंच होतं. शेवटच्या महिन्यात बढती मिळाली की आधीची दहा महिन्यांची फरफट पुसली जाते. त्यावर उपाय म्हणजे वर्षाचे चार तुकडे करून प्रत्येकाबद्दल वेगळं लिहायचं, मधल्या महिन्यांबद्दल जरा जास्त.

माझ्या तक्त्यात नोकरी गेली त्या वर्षाला तेव्हाचे दोन, आताचे सात आहेत. उलटही आहे: एका वर्षाला तेव्हा नऊ, आता चार, कारण त्या सुखात मी कोणाकडे दुर्लक्ष करत होते ते आता कळतं. दोन्हींची सरासरी काढू नका. गणिताची बाई सांगतेय म्हणून तरी ऐका.

'काही विशेष नाही' अशी ओळ आली तर तिला आपोआप पाच देऊ नका. चाळिशीनंतरच्या माणसांना साधारण दहा ते तिशीतल्या आठवणी जास्त दाट आठवतात, पुढची वर्षं रिकामी भासतात. रिकामं आठवणं आणि रिकामं असणं वेगळं. २००६ च्या माझ्या ओळीत फक्त 'सगळे बरे, हप्ते चालू' एवढंच आहे. तेव्हाचे आठ.

नुकतंच कोणी गेलं असेल किंवा मन खाली असेल तर हे काम पुढे ढकला. उदास मनाला उदासच आठवतं, सगळा तक्ता खाली घसरतो. चालू वर्षालाही गुण नकोत.

जोडीदाराला दाखवायचं असेल तर आधी त्यालाही वेगळा तक्ता करू द्या. मुलगी तान्ही होती त्या वर्षाला आमच्याकडे ह्यांचे नऊ आहेत, माझे चार. ह्यांना मनासारखं काम मिळालं होतं, मी रात्र-रात्र जागी होते. त्या पाच गुणांवर आम्ही संध्याकाळभर बोललो, थोडं चढ्या आवाजातही. मग मी सहा केले, त्यांनी सात.

हे सगळं पेन्सिलने लिहा आणि गुणांच्या बाजूला गुण दिल्याची तारीख टाका. महिन्याभराने पहिले आकडे झाकून फेरतपासणी करा. फरक दोनपेक्षा जास्त पडला, तर त्या वर्षाचे पुरावे पुन्हा काढा. काही वर्षांनी परत बसाल तेव्हा 'आताचे' या रकान्याशेजारी नवा रकाना आखा, जुना खोडू नका.