जीवेची लांबी काढायला बसण्याआधी

आधी कच्ची आकृती हवीच: वर्तुळ, केंद्र, जीवा आणि केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब. हा लंब जीवेला दुभागतो आणि एक काटकोन त्रिकोण तयार होतो. त्रिज्या हा त्याचा कर्ण, केंद्रापासूनचं अंतर ही एक बाजू आणि अर्धी जीवा ही दुसरी. पुढचं सगळं याच त्रिकोणातून निघतं आणि बहुतेक चुका 'अर्धी' हा शब्द सुटल्यामुळे होतात. आर्यभटाची इ.स. ४९९ ची सारणीसुद्धा अर्ध्या जीवेचीच आहे: त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), पहिली 'ज्या' म्हणजे अर्धी जीवा २२५. त्या ज्येला त्रिज्येने भागलं की आपला साइन मिळतो.

समीकरण दिलं असेल तर केंद्र आणि त्रिज्या आधीच बाजूला लिहून ठेवा. क्ष² + य² − ६क्ष − ८य = ० यात केंद्र (३, ४) आणि त्रिज्या ५. केंद्रासाठी क्ष आणि य यांच्या सहगुणकांची निमपट करून चिन्ह बदलायचं. वर्गपदांचा सहगुणक १ नसेल तर त्याआधी त्याने सगळीकडे भागून घ्यायचं. रेषा ३क्ष + ४य = १० असेल तर १० डावीकडे आणताना त्याचं चिन्ह उणे होतं. केंद्रापासूनचं अंतर (९ + १६ − १०) ÷ ५ = ३, म्हणून जीवा = २ × √(२५ − ९) = ८. त्या १० चं चिन्ह चुकून अधिक राहिलं तर अंतर ७ येतं, त्रिज्येहून मोठं, आणि रेषा वर्तुळाला छेदतच नाही असं वाटू लागतं. म्हणून वर्गमूळ काढण्यापूर्वी अंतर आणि त्रिज्या यांची तुलना करा.

छेदनबिंदू काढून ताळा घेता येतो: (−२, ४) आणि (४.४, −०.८). क्ष-निर्देशकांतला फरक ६.४ आहे, पण ती जीवेची लांबी नव्हे. वर्गसमीकरणाच्या मुळांमधला फरक काढून तिथेच थांबणारे पुष्कळ असतात. त्या फरकाला √(१ + चढाचा वर्ग) ने गुणावं लागतं. इथे चढ −३/४, म्हणून ६.४ × १.२५ = ८.

कोन दिला असेल तर तो केंद्रापाशी आहे की परिघावर, हे आकृतीत लिहा. केंद्रीय कोनासाठी जीवा = २ × त्रिज्या × साइन(अर्धा कोन); परिघावरच्या कोनासाठी तो कोन निम्मा न करता तसाच वापरायचा. वरच्या उदाहरणात अर्ध्या कोनाचा कोसाइन ३/५, साइन ४/५, जीवा पुन्हा ८. बिंदू १०° आणि ३५०° वर असले तरी घाबरायचं कारण नाही: अर्धा फरक १७०° आणि साइन १७०° = साइन १०°. मात्र कंसाची लांबी विचारली असेल तर २०° की ३४०° हे ठरवावंच लागतं.

कॅल्क्युलेटर अंशांत आहे ना, हे साइन ३० दाबून पाहा. ०.५ ऐवजी −०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये आहे. उत्तराची मर्यादाही लक्षात असू द्या: जीवा व्यासाहून मोठी नसते आणि ६०° च्या केंद्रीय कोनाला ती बरोबर त्रिज्येएवढी असते.

वर्कशॉपमध्ये १६० मिमी पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) सारख्या अंतरावर आठ भोकं मारायची असतील तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर १६० × साइन २२.५° = ६१.२३ मिमी. ते ६१ धरून डिव्हायडर सात वेळा फिरवला तर शेवटचं अंतर ६२.८ च्या आसपास उरतं आणि फ्लँज बसत नाही. त्यापेक्षा आधी काटकोनात दोन व्यास आखून चार खुणा करा, मग त्या प्रत्येक खुणेपासून एकाच दिशेने ६१.२३ घ्या, चूक एका पावलापुरतीच राहते.