फिट्ससाठी डॉक्टर निवडताना पदव्या कशा तपासाव्यात

‘मेंदूचा डॉक्टर’ म्हणून चौकशी केली की तीन वेगवेगळ्या शाखांची नावे हातात येतात. डीएम किंवा डीआरएनबी न्यूरॉलॉजी म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट, मेंदूच्या आजारांवर औषधोपचार करणारे, एमसीएच न्यूरोसर्जरी म्हणजे शस्त्रक्रिया करणारे, एमडी सायकियाट्री म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. अपस्मारासाठी, म्हणजे फिट्सच्या आजारासाठी, आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठावा. लहान मूल असेल तर बालमेंदूविकारतज्ज्ञ.

न्यूरॉलॉजिस्ट होण्याचा नेहमीचा मार्ग असा: इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएस, ३ वर्षे एमडी, मग ३ वर्षे डीएम. अपस्माराचे खास प्रशिक्षण, म्हणजे फेलोशिप, त्यानंतरचे. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था आणि बंगळुरूची निम्हान्स ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणे. मात्र ‘फेलोशिप’ हा शब्द थोड्या दिवसांच्या ऑनलाइन कोर्सलाही लावतात, म्हणून ती कुठे आणि किती महिने केली हे विचारावे. विचारण्यात संकोच नको. आजार तुमच्या घरात आहे.

चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. नुसते नाव जुळले म्हणून थांबू नये, एमडी आणि डीएम या वाढीव पदव्यांची नोंद दिसते का तेही पाहावे. नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तीही तारीख बघावी. परराज्यात नोंदणी असेल तर तिथल्या कौन्सिलकडे शोधावे.

पहिल्याच औषधाने फिट थांबल्या असतील तर फेलोशिपवाल्यामागे धावायची गरज नाही, चांगला न्यूरॉलॉजिस्ट पुरतो. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत नियमित घेऊनही फिट येत राहिल्या, तर मात्र व्हिडिओ ईईजी (चित्रीकरण करत मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) आणि अपस्माराच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले केंद्रच शोधावे. इथे वर्षे वाया जातात, आणि त्याचे फार वाईट वाटते. अर्ध्या तासाचा साधा ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही, असे ठरत नाही. तेवढ्या वेळात बिघाड नोंदला गेला नाही, एवढेच.

पहिल्या भेटीला फिटचा मोबाइल व्हिडिओ न्यावा. डोळे उघडे की मिटलेले, सुरुवात कोणत्या हातापासून झाली, मान कुठे वळली, हे त्यात दिसायला हवे. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही न्यावी, आणि आजवरच्या सगळ्या गोळ्यांची नावे व मात्रा लिहून. नवा डॉक्टर सापडेपर्यंत चालू गोळी मात्र एक दिवसही बंद करू नये. ती अचानक सोडली तर न थांबणारी फिट येऊ शकते.